जाळीत निघालेल्या पिना

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि मला आज दवाखान्यात लवकर पोचायचंय, म्हणून लिहून ठेवते.

काल कपडे धुवायच्या मशीनचं पाणी घरभर झालं आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. आज खालची जाळी उघडली, तर आत माझ्याच केसांच्या पिना! दर महिन्याला ती साफ करायचं काम माझंच. तुम्ही मात्र दुखऱ्या हातांनी फरशी पुसलीत.

सकाळी तुमचे सदरे बादलीत भिजत घातलेले दिसले. हातांनी धुऊ नका, बाबा. ते मी मशीनमध्ये घातलेत, पावडरही टाकलीय. नळ सोडा आणि बिनधास्त बटण दाबा.

बोलले मुलांदेखत, तेव्हा माफीही संध्याकाळी मुलांदेखतच मागेन.

तुमची सून