पाच पोलकी

१ ऑगस्ट १९७४, मलकापूर

आले एकदाची. म्हसवडहून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले तेव्हा मांडीवर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर शिवणाचा डबा आणि डब्यावर आईनं बांधून दिलेल्या भाकरी. कऱ्हाडात उतरेपर्यंत पायांना मुंग्या आल्या, पण आनंद काही कमी होईना. उद्यापासून कऱ्हाडच्या वर्गात ड्रेस डिझाईन शिकायचं आणि डिसेंबरात सांगलीला परीक्षा द्यायची. सर्टिफिकेट मिळालं तर म्हसवडच्या पेठेत माझं स्वतःचं दुकान. नाही मिळालं तर मेंढरं आहेतच, आणि मेंढरांमागं हिंडणारा कुणीतरी नवराही आहे. आई हे तोंडावर सांगते.

वर्गाच्या पोंक्षेबाईंनी पत्रात लिहिलं होतं की पाहिलेले कपडे आणि मापं रोज टिपून ठेवा. म्हणून ही वही.

खोली मिळाली ती कोयनेच्या पुलापलीकडं, मलकापुरात हंबीररावांच्या घरी. उसाचा मळा, सिमेंटचं नवं घर, थोरला मुलगा पलटणीत. घर चालवतात त्यांच्या पत्नी अंबूबाई. त्यांना मावशी म्हणायचं ठरलं. भाडं नको, घरचं शिवण करून दे म्हणाल्या. त्यांची लेक मनू माझ्याच वयाची आहे, पण आतल्या खोलीत पडून असते. वर्ष झालं, अंगच धरत नाही म्हणे. दारातून ओझरती दिसली. खुंटीवर पातळ टांगावं तशी वाटली.

जेवण होईस्तोवर मावशींनी माझी सगळी माहिती काढून घेतली. मी बोलायला लागले की थांबते कुठं. जुन्या कपड्यांचं वेडही सांगून टाकलं. नवं कापड मुकं असतं. जुनं कापड उसवलं की कुणी बेतलं, कुणी झिजवलं, कुठं ठिगळ लावलं, सगळं बोलतं. दुसरीनं अंगात घातलेलं घालायला किळस येत नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, हौसेनं घेते आणि मिरवतेही. मग त्यांनी मला आणखी एक पुरणपोळी वाढली.

११ ऑगस्ट

वर्गातल्या मुलींनी माझं नाव ‘बोहारीण’ ठेवलं आहे. ठेवू देत. त्यांच्या बेलबॉटमचे पाय झाडूसारखे रस्ता झाडतात, मी काही बोलते का?

आज रविवार, कऱ्हाडच्या बाजारात गेले. रंगूबाई बोहारणीपुढं जुन्या कपड्यांचा ढीग होता, आणि एका फडक्यात वेगळी ठेवलेली पाच पोलकी. एक इरकली काठाचं, एक अंजिरी, एक हिरवं खणाचं, दोन छिटाची. कापड उंची आणि वापर थोडा. माझा जुना परकर बदल्यात देऊ केला तर रंगूबाई नको म्हणाली. रोख पाहिजे, आणि तुझ्या हातानं माझ्या हातावर ठेव. किंमत इतकी कमी सांगितली की घासाघीस करायचीही लाज वाटली.

१८ ऑगस्ट

पोलकी उसवून बसले आहे. असं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक पोलक्याच्या बगलेत मूळ शिवणीच्या आत आणखी चार टिपा आहेत, एकीच्या आत एक. म्हणजे घालणारी बाई चौतीस छातीची होती, मग तेहेतीस, बत्तीस, एकतीस आणि शेवटी तीस. चारी टिपा हातशिलाईच्या, एकाच हाताच्या, आणि दर चौथा टाका लांब. कुणीतरी महिन्या-महिन्यानं बसून ते आत घेत गेलं आहे. पोंक्षेबाईंना दाखवलं तर त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावलं. कपडा वाचायचा तो असा, म्हणाल्या. बेलबॉटमवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

माझी छाती बरोबर चौतीस. आतल्या चारी टिपा काढून टाकल्या आणि अंजिरी पोलकं घातलं. जणू माझ्याच मापानं बेतलेलं.

८ सप्टेंबर

मनू उठली. ओसरीवर बसून दीड भाकरी खाल्ली. मावशींनी देवापुढं नारळ फोडला आणि आधी मला खोबरं दिलं. मग मनूचं पोलकं आणलं, बगलेत एक इंच सैल करून दे म्हणाल्या. आनंदानं केलं. मनूचं माप घेतलं ते एकतीस. गेल्या महिन्यात तीस होतं, असं मावशी म्हणाल्या.

माझी पोलकी मात्र ढगळ झाली आहेत. वर्गाचं चालणं आणि अवेळचं खाणं, दुसरं काय. अंजिरी पोलकं इंचभर आत घेतलं. गंमत म्हणजे सुई आपोआप जुन्या टिपेच्या भोकांतच पडत गेली.

६ ऑक्टोबर

मनू बत्तीस. मी बत्तीस.

डॉक्टरांनी टॉनिक दिलं. छातीत काही नाही, रक्तात काही नाही म्हणाले. मावशी मला ताटात तूप वाढतात, पण जेवण समोर आलं की तोंडाला कोरड पडते. पुलावर दोनदा बसावं लागतं. वर्गात कुणीतरी म्हणालं, बोहारणीनं स्वतःलाही स्वस्तात काढलं वाटतं. मीही हसले. मनातून भयंकर राग आला.

१३ ऑक्टोबर

दुपारी मावशी ओसरीवर वाकळ शिवत होत्या. मी शेजारी बसले. सहज नजर गेली. दर चौथा टाका लांब.

तशीच उठून बाजारात गेले. रंगूबाईनं आधी कपड्यांचा ढीग आवरायला घेतला. मी पदर बाजूला करून गळ्याची हाडं दाखवली तेव्हा तिनं मान खाली घातली.

“ती कापडं मी इकत घेतली न्हवती, पोरी. तुझ्यापातूर पोचवायची, एवढंच माझं काम.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. पोलकी मनूची. तिला जे काही खात होतं ते मावशींनी तिच्यावरून त्या कपड्यांत उतरवलं. उतारा तीन वाटांच्या तिकटीवर टाकला की त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून हौसेनं घेणारी शोधली. फुकट दिलं तर ते जात नाही. घेणारीनं मोल मोजून, राजीखुशीनं घेतलं तरच सुटतं, आणि मग जी ते पहिल्यांदा अंगात घालील तिच्या मागं लागतं. जाळलं किंवा नदीत सोडलं तर आहे तिच्याच अंगात मुरतं. पुढं विकलं तरच.

खोली भाड्यावाचून का मिळाली, ते आज कळलं. माझ्यासारखी पोर दुष्काळी मुलखातून येते, तिला विचारणारं कोण? बाप मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेवर, आई खडी फोडायला. आणि मी शहाणी, कपडे वाचणारी.

२७ ऑक्टोबर

गाठोडं घेऊन बाजारात बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले. ओगलेवाडीकडची एक मुलगी आली. हिरवं खणाचं पोलकं तिनं गालाला लावून पाहिलं, अगदी मी लावते तसं. किंमत विचारली. मी सांगितली. ती कनवटीची गाठ सोडायला लागली आणि मी पोलकं तिच्या हातातून ओढून घेतलं. वेडी आहेस का, असं म्हणून ती निघून गेली.

मावशींना तोंडावर विचारलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तुला पोर होईल तेव्हा कळेल, आणि मनूची तीन पोलकी माझ्यापुढं ठेवली. सैल करायची होती.

मी ती केली. करणार काय? खोली सोडून हे सुटत नाही, आणि परीक्षा सोडली तर हातात काहीच उरत नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळीला घरी गेले नाही. धाकटी बहीण बनी, वय चौदा, माझी ट्रंक उघडल्याशिवाय राहत नाही. तिलाही माझंच वेड. मीच लावलेलं. आईला पत्र टाकलं की अभ्यास आहे.

मी एकतीस.

२७ नोव्हेंबर

मनूचं लग्न झालं. नवरा लष्करात, रजेवर आलेला. लग्नातलं पोलकं मी शिवलं, चौतीसचं. मनूनं जाताना मला मिठी मारली आणि लगेच हात काढून घेतले. तिला ठाऊक आहे. तिनं माझ्याकडं परत पाहिलं नाही.

मी तीस. शेवटच्या टिपेवर आले. याच्या आत जुनी भोकं नाहीत. पुढं कापड कोरं आहे.

५ डिसेंबर, सांगली

परीक्षेसाठी आले. गाठोडं मलकापूरला खाटेखाली ठेवलं, इथं कुणाच्या नजरेला नको. कात्री दोनदा हातातून पडली. बाहीचा मुंढा चुकला. पुन्हा बेतला. ही परीक्षा तेवढी होऊ दे. मग काय व्हायचं ते —

७ डिसेंबर, सांगली

भूक लागली. खरी भूक. खाणावळीत तीन भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. वाढणारी बाई बघतच राहिली. पोलकं छान बेतलं गेलं. परीक्षक बाईंनी गळ्याला हात लावून मान डोलावली.

सुटलं. आपोआप सुटलं असेल. रंगूबाईला तरी काय सगळंच ठाऊक असतं? आज खूप दिवसांनी जिन्यावरून धावत उतरले.

१० डिसेंबर, मलकापूर

खाटेखाली गाठोडं नाही.

मावशींनी सांगितलं. मी सांगलीला गेले त्याच दिवशी आई आली होती. आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला मला घेऊन जायला. मी नव्हते. मावशींनी जेवू घातलं आणि गाठोडं पुढं केलं. माझ्या पोरीची जुनी कापडं आहेत, तुमच्या धाकटीला जत्रेला होतील. आई फुकट घेईना. दुसऱ्याच्या घरचं आहे म्हटल्यावर तर नाहीच. मावशींच्या हातावर नाणं ठेवलं आणि खुशीत गेली.

मी खाटेखाली पुन्हा हात घालून चाचपलं. मावशींनी मला दंडाला धरून उठवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं.

“आमी कुनाचं उपकार अंगावर ठेवत न्हाई. तू माझी पोर उभी केलीस, मी तुला केली.”

ट्रंक तिथंच टाकली.

१० डिसेंबर, कऱ्हाड स्टँड

मुठीत रुपया आहे. बनीच्या हातावर ठेवायचा, राजीखुशीनं, आणि पाचही पोलकी परत घ्यायची. एवढंच. पाच दिवस झाले, तिचं अजून फार गेलं नसेल. घातलीही नसतील. रथाला घालू म्हणून ठेवली असतील —

नाही. तसं असतं तर मला भूक लागली नसती. तिनं घातलं. पहिल्याच दिवशी.

अंगातलं पोलकं बगलेत काचतं आहे. एकतीस झाले असणार. माप घेणार नाही.

पहिली गाडी गेली. जत्रेची गर्दी, पाय ठेवायला जागा नव्हती.

—

दुसरी गेली. तिच्यात जागा होती.

का बसून राहिले? पाय ठीक आहेत. आज ते दुखतही नाहीत. मी एकोणीस वर्षांची आहे. परत घेतलं की तीस, आणि त्याच्या आत —

भजी घेतली. दोन पुड्या. तोंडाला चव आहे. किती दिवसांनी —

तिसरी लागली. कंडक्टर म्हसवड, म्हसवड ओरडतो आहे. उठते. हातातली एवढी भजी संपली की उठते, बने, एवढी —