पंपावरची लाल खूण

१४ सप्टें., रवि.
गाडी परत डावीकडं बसली. ओट्यावर चहा पीत बघतो तर पुढचं चाक अर्धं पत्र्याच्या आत. रीडिंग १,८८,६४०. खरं किती ते देवाला ठाऊक.
चार वर्षांपूर्वी पुण्याच्या दलालाकडनं घेतली तेव्हा काट्यावर १,४२,००० होतं. सुदाम मिस्त्री संगं होता. त्यानं ब्रेकच्या पेडलवरनं बोट फिरवलं आन् माझ्या कानात म्हणाला, "बापू, रबर पार झिजलाय. काटा मागं फिरवलाय ह्यांनी." मी ऐकलं नाही. लेदरच्या सीटवर बसलो होतो, विलायती गाडीच्या! कोण ऐकतंय. पुढं सहा महिन्यांनी सीटखाली जुनं सर्व्हिसचं पुस्तक सापडलं, त्यात दोन लाख पाच हजार लिहिलेलं. तेव्हापासून आपला कुणावर विश्वास नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यायचं.
सु. येऊन बघून गेला. ह्या गाडीला स्प्रिंगा नाहीत, चारी बाजूला हवेचे फुगे हायेत. म्हणाला, "फुगं चांगलेत. हवा भरणारा पंप दमलाय. नवा मागवतो."

१८ सप्टें., गुरु.
पंप आला, बसवला. गाडी चार बोटं वर उठली. लई देखणी दिसते उभी राहिली की.
वारूळवाडीला सु.च्या गॅरेजात बसवला, पण बसवताना मी तिथं नव्हतो. मजूर आले म्हणून फोन आला, घरी बोरीला परत यावं लागलं. जुना पंप सु.नं ठेवून घेतला. "राहू दे रे इथं, कधीतरी पार्टला होईल."
संध्याकाळी सलूनमध्ये दिलीप होता. मळ्याला मळा लागून, त्याला माझं सगळं माहीत पाहिजे. म्हणाला, "खोका नवा दाखवत्यात आन् माल जुना बसवत्यात. तू गाडीखाली शिरून बघितलंस का?"
बघितलं नव्हतं. घरी येऊन बघितलं. पंप नवा दिसत होता. पण घासूनपुसून काहीही नवं दिसतं.

२१ सप्टें., रवि. भादवी पोळा
बैलांना न्हाऊ घातलं. लक्ष्याची शिंगं काचेनं तासली, मग लाल रंग दिला. मिरवणुकीत आपलीच जोडी उठून दिसली, उगाच सांगत नाही.
डब्यात थोडा रंग उरला होता. डोक्यात आलं, विहिरीची मोटर वायंडिंग भरायला देताना आपण खूण करतोच की, तांबं बदलू नये म्हणून. गाडीला का नाही? खाली शिरलो आन् पंपावर अंगठ्याएवढा ठिपका दिला. त्याच हातानं फवारणीच्या ब्लोअरच्या पंपालाही एक दिला.
मंगल शेणाची पाटी घेऊन उभी. "अवो, शिंगं तासून रंग लावता, आन् तेलकट लोखंडाला तसाच?"
म्हटलं, तुला काय कळतंय गाडीतलं.
"सुदामभाऊंना म्हायतीय का खूण केल्यालं?"
त्याला सांगितलं तर खूण कशाची मग!

२८ सप्टें., रवि.
ब्रेकच्या कामाला दोन दिवस गाडी सु.कडं होती. आज आणली. ब्रेक झकास. खाली वाकून बघायचं राहिलं, द्राक्षाच्या छाटणीच्या मजुरांचं ठरवायचं होतं. उद्या बघू.
दोन दिवस म्हणजे बराच वेळ झाला पण.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सगळी औजारं धुतली. ट्रॅक्टर, ब्लोअर, गाडी. फवारणीचा सुटा पंप लावून मोठ्या प्रेशरनं, वरनं आन् खालनं. गाडी बांधावर तिरकी चढवून बुडाचा चिखल काढला. मंगलनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. गाडीपुढं नारळ फोडताना म्हणाली, "सुबुद्धी दे रे देवा." मला की गाडीला, विचारलं नाही.

४ ऑक्टो., शनि.
भीमाशंकरला निघालो होतो, मंगलचा अभिषेकाचा नवस. घोडेगाव सोडलं, डिंभ्याच्या पुढं चढाला लागलो आन् काट्याजवळ पिवळा दिवा. मग लाल. मग गाडी चारी पायांवर खाली बसली, म्हशीगत. टायर पत्र्याला घासायला लागले. वाटेनं जाणारा एक म्हातारा थांबला, सगळीकडनं बघून म्हणाला, "एवढी मोठी गाडी आन् बसकी कशापायी केली?"
सु.ला फोन केला. बोलणं ऐकून एवढंच म्हणाला, "चालवू नको, आलो." मोटरसायकलवर दीड तासात आला. जेवला पण नव्हता. मंगलनं नवसासाठी केलेल्या लाडवांतले दोन त्याला दिले. देव समजून घेईल म्हणाली.
सु. खाली शिरला. मी पण वाकलो, त्याच्या बॅटरीच्या उजेडात पंप बघितला.
लाल खूण नाही.
पुसट पण नाही. काळा कुळकुळीत पंप.
तो म्हणाला, "पंपात पाणी गेलंय, बापू. कुठं वढ्यात घातली व्हतीस का?" काय पण नाटक! वढ्यात म्हणे. त्यानं मोटरसायकल रस्त्याकडच्या टपरीवर ठेवली, गाडीत थोडी हवा धरवली आन् हळूहळू चालवत त्याच्या गॅरेजला नेली. गाडीत वजन नको म्हणून आम्ही एस.टी.नं घरी. नवस राहिला तो राहिलाच.
बदलला. नवा काढून तो जुना बसवला. शाळेपासनं एका बाकावर बसलेला माणूस.

६ ऑक्टो., सोम.
काल सलूनमध्ये बोललो. ठरवून गेलो नव्हतो, तोंडातून निघालं. दिलीपनं गाडीचं विचारलं आन् मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, सुदामनं माझा पंप बदलला, मी खूण केली होती. आठ-दहा जण होते. दिलीप मांडीवर थाप मारून म्हणाला, "मी बोललो व्हतो का न्हाई?"
बोलून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टो., गुरु.
मी मळ्यात असताना सु. गाडी तशीच नादुरुस्त, कशीबशी आणून दारात सोडून गेला. किल्ली मंगलच्या हातात दिली आन् संगं जुना पंप, पिशवीत घालून. "वहिनी, ह्यो त्याचा जुना. नवा गाडीतच हाये. आता दुसरा मिस्त्री बघा म्हणावं."
जुना पंप पिशवीत म्हणजे गाडीतला नवा? का पिशवीतला तिसराच?
मंगल ताट वाढून आत निघून गेली. जाताना म्हणाली, गावातल्या दोन जणांनी त्याच्याकडनं ट्रॅक्टर उघडलेल्या इंजिनासकट उचलून नेले. "त्याच्या गॅरेजवर पाटी न्हाई, बोर्ड न्हाई. नुस्तं नाव हाये त्या माणसाचं. तेच तुमी घालवलंत."
चोराची बाजू घेते. आपल्या घरात आपलंच कुणी नाही.

१३ ऑक्टो., सोम.
रीडिंग १,८९,०१२. हलत नाही. हायवेच्या एका गॅरेजवाल्यानं फोनवरच सांगितलं, एवढ्या पळालेल्या गाडीला हात लावत नाही. दुसरा म्हणाला भंगारात घाला. गाडी दारात पोट टेकून बसलीय. कोंबड्या आधी तिच्याखाली सावलीला जायच्या, आता त्यांनाही शिरता येत नाही.

१५ ऑक्टो., बुध.
छाटणी उरकली. काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावून झाली, ब्लोअर बाहेर काढला. नोझल बघताना ध्यानात आलं, ह्याच्या पंपावर पण मी ठिपका दिला होता पोळ्याला.
नाही.
ब्लोअरला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. शेडला कुलूप आणि किल्ली माझ्या करगोट्याला. मग ठिपका गेला कुठं? तिथंच उकिडवा बसून राहिलो. खंडेनवमी. मोठ्या प्रेशरनं. वरनं आन् खालनं. मीच धुतला.
तसाच घरी आलो. ट्रॅक्टरचा जॅक लावून गाडी उचलली, दोन्हीकडं दगड लावले, खाली शिरलो. पंपाच्या बोल्टाच्या खाचेत, जिथं पाणी पोचलं नसेल, तिथं लाल. तांदळाच्या दाण्याएवढं. बदललेलं काही नाही. आन् पंपात गेलेलं पाणी पण माझंच.
बाहेर आलो तर समोर लक्ष्या रवंथ करतोय. शिंगं अजून लालभडक. ती तासली होती ना.
फार लाज वाटली. कुणाला तोंड दाखवू नये असं झालं.

१६ ऑक्टो., गुरु.
मंगलला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही. "मग आता सांगा जाऊन. जिथं बोललात तिथं."
म्हटलं, सुदामला सांगतो, माफी मागतो, झालं.
"त्याला तर आधीच म्हायतीय की त्यानं चोरी केली न्हाई. त्याला काय सांगणार?"

१७ ऑक्टो., शुक्र.
वारूळवाडीला गेलो. गॅरेजमध्ये एकच मोटरसायकल उभी, ती पण त्याचीच. नेहमी तिथं पाय ठेवायला जागा नसते.
सु. हात पुसत बाहेर आला. "या पावणं."
पावणं! चाळीस वर्षं बापू म्हणणारा माणूस. सगळं सांगितलं, शेडमधल्या ब्लोअरसकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "खूण करायची व्हती तर मला सांगायचं. मीच पंच मारून दिला असता, तुमच्या नावाचा. जन्मात पुसला नसता."
तुमच्या.
म्हटलं, चुकलो. गाडी कर बाबा.
"करतो की. पंप उघडून वाळवला तर चालंल. पण आधी सलूनमध्ये जाऊन या. आन् मग मी बोल्ट खोलीन तवा तुमी समोर स्टुलावर बसायचं. दर बोल्टाचा फोटो काढायचा. माझ्यासाठी न्हाई, तुमच्यासाठी. उद्या परत झोप उडाया नको."
येताना गाडी चालवत नव्हतो, मोटरसायकल होती, तरी सारखं काट्याकडं बघत होतो. आन् लिहायलाच पाहिजे, कारण ही वही माझी मी लिहितो: बोरीच्या फाट्यावर मनात आलं, खाचेतला लाल रंग त्यानंच गाडी सोडायला आला तेव्हा लावला नसेल कशावरून?
आलं. स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. हा रोग सु.चा नाही, दलालाचा पण नाही राहिला आता.

१८ ऑक्टो., शनि.
सलूनमध्ये दिवाळीची गर्दी. नंबर लागला, तोंडाला फेस लावला, तेव्हाच मोठ्यानं बोललो. नंतर धीर झाला नसता. "सुदामनं पंप बदलला नव्हता. खूण मीच धुतली, खंडेनवमीला. त्याच्यावर खोटा आळ घेतला मी."
टी.व्ही. चालू होता. कुणीतरी आवाज कमी केला.
दिलीप म्हणाला, "त्यानं गाडी अडवली म्हणून बोलतोयस ना? त्याच्याशिवाय हाये कोण तिला हात लावणारा?"
म्हटलं, गाडी माझ्या दारात हाये. घरी चल, बोल्टातला रंग दाखवतो.
"रंगाचं काय घेऊन बसलास राव! डबा तुझ्याच घरात हाये."
सगळे हसले. काल फाट्यावर माझ्या मनात आलं तेच ह्याच्या तोंडून. हे बी पेरलं कोणी? कारागीर म्हणाला, "बापू, तोंड हलवू नका, कापंल."
तसाच वारूळवाडीला गेलो. सु. दारातच उभा होता.
"बोललात?"
"बोललो."
"मानलं का लोकांनी?"
मी खाली बघितलं. तो आत जाऊन रिकाम्या जागेतलं तेल भुशानं पुसत राहिला. स्टूल मात्र बाहेर मांडून ठेवलेलं होतं, माझ्यासाठी. मी बसलो नाही.
उद्या रविवार. सलूनमध्ये आजच्या दुप्पट माणसं असतील. परत जाणार, परत तेच सांगणार. दाढी आजच झालीय, तरी जाणार.