अन्नपूर्णाबाईंची लाल पट्टी

३ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा लाल! आंजी गावाची एकच विहीर, एकच टाकी. एकवीस घरांनी नळाचं पाणी बाटलीत भरून दिलं — वीस पट्ट्या पांढऱ्याफटक आणि अन्नपूर्णाबाईंची लालभडक! पट्टीवर माझे जिवाणू वाळवून बसवलेत. पाण्यात शिसं असलं तरच त्यांनी रंग धरायचा. दोन वर्षं लेकरांसारखं सांभाळलं त्यांना, आणि ऐन वेळी ही नाटकं.

सर म्हणतात, "एक नमुना वगळ ना!" वगळ काय वगळ! परीक्षकांनी विचारलं की तोंड कोणाचं पडणार? माझं. पीएचडी माझी.

६ नोव्हेंबर
नवीन बाटली, नवीन पट्टी. लाल. डोकं फिरलंय.

७ नोव्हेंबर
प्रयोगशाळेतला माणिक म्हणाला, "तुझ्या जिवाणूंचं आणि त्या बाईचं जमत नसेल." वर स्वतःच हसला. बाटली फेकून मारावीशी वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार
सापडलं! आज माझ्यासमोर बाटली भरायला सांगितली. अन्नपूर्णाबाई नळाकडे गेल्याच नाहीत — थेट स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याच्या पितळी गुंडाकडे! "अवं बाई, शिकल्यासवरल्या पोरीले नळाचं कोमट पाणी देऊ काय? गुंडातलं नेजो. मस्त गार असते. आताच कल्हई करून घेतली, सुनेसाठी. रूपाली तेच पेते."

नळाचं म्हणजे नळाचं! किती वेळा सांगितलं होतं! चांगुलपणापायी माझे तीन आठवडे पाण्यात. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. रूपाली बिचारी दारात उभी — सातवा महिना, पाय सुजलेले. "काऊन वो मॅडम, पाण्यात काही खराबी हाये काय?"

मी नळाखाली बाटली धरली, पट्टी बुडवली, अर्धा तास बसले. पांढरी! इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. म्हटलं, काही नाही गं, खुशाल पी. निघताना अन्नपूर्णाबाईंनी बळेच हातावर चिवडा ठेवला. रागावले म्हणून लाज वाटली.

११ नोव्हेंबर
सर खूश. "पट्टी ठीक आहे म्हणजे. लिहायला घे." आईला फोन करून सांगितलं. कित्येक दिवसांनी नीट जेवले.

१२ नोव्हेंबर, सकाळ
वगळलेल्या नमुन्याचं कारण लिहायला बसले — 'पाणी नळाचे नव्हते, कल्हईच्या भांड्यातले होते.' आणि हात थांबला. कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ करतात. हे मला माहीत आहे. माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मीच लिहिलंय!

रूपालीला तीनदा फोन केला, उचलत नाही. आंजीवरून जाणारी आर्वीची गाडी सव्वासातला आहे.