सईचा बोर्ड, मामाची गाठ

७ ऑक्टो., मंगळवार
अभयने ठरवून टाकलं. दिवाळीत तारकर्ली, आणि मुलांना लाटेवरचा बोर्ड शिकवायचा. स्वतः टँकच्या उथळ बाजूपलीकडे कधी गेलेला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सई आठ वर्षांची, चांगली पोहते. चिकू पाचचा, तो म्हणे नुसता पालथा पडून तरंगेल. दोघांत मिळून एक बोर्ड, मऊ फोमचा. "निवडायचं तू बघ," म्हणाला, "चिकित्सक हायस."
नको म्हणायला कारण लागतं. माझ्याकडे आहे ते सांगण्यासारखं नाही.

९ ऑक्टो.
शाळेतून येताना शिवाजी पेठेतल्या खेळाच्या दुकानात शिरले. फुटबॉल, बूट, कॅरम. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रंकाळ्यात लाटा आल्यात काय?" सगळं दुकान हसलं. मीही हसले.
मग तारकर्लीच्या शिकवणाऱ्या बाईंना फोन. शहाण्या वाटल्या. बोर्ड मुलाच्या उंचीपेक्षा हातभर लांब. रुंद आणि जाड, म्हणजे डुलत नाही. अंगठ्याने दाबला तर दबायला हवा, डोक्यात बसला तरी टेंगूळ येऊ नये. खालचे पंख रबराचे. पोराला स्वतःला उचलता आला पाहिजे. आणि घोट्याला बांधायची दोरी.
"दोरी लागतेच का?"
"लागतेच. बोर्ड सुटला की मूल एकटं."
बाकी सगळं लिहून घेतलं होतं. हे न लिहिताच राहिलं डोक्यात.

१२ ऑक्टो., रवि.
बोर्ड मागवला. साडेपाच फुटी, निळा. अ. खूश.
रुपी आठचीच होती. माझी धाकटी बहीण. मी अकराची. मे महिना, राधानगरीकडचं आजोळ, मळ्यातली विहीर. दिनूमामाने तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला. तिथली सगळी पोरं डबा बांधूनच पोहायला शिकली, मीसुद्धा. मामा मोटर बंद करायला वर गेला. तेवढाच वेळ.
लोक म्हणाले, दिनूची गाठ सुटली. तीस वर्षं तेच म्हणताहेत. मी म्हणू दिलं.

१५ ऑक्टो.
बोर्ड आला. अंगठ्याने दाबून पाहिला. दबतो.
सई हॉलमध्ये फरशीवर टाकून त्यावर पालथी. हात मारतेय. केस वर बांधलेले, मागून मान दिसते. कुकर लावायचा सोडून बघत उभी राहिले. पडवीतल्या बाजल्यावर रुपी अशीच हात मारायची, पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी.
सईने दोरीची पट्टी घोट्याला लावली, चिकूने दुसऱ्या टोकाने ओढली. मी ओरडले. फारच ओरडले. चिकू रडला, सईने माझ्याकडे असं पाहिलं की

१६ ऑक्टो.
वारं सुटलंय. बोर्ड गॅलरीत उभा केलेला, तो भिंतीवर धडकतो. फोमचा, आवाज तो काय येणार. मला मात्र डब्याचा येतो. टण्. मग काही नाही. मग टण्. विहिरीच्या दगडाला लागत होता, रिकामा, एकटाच.
घरात तेलाचा डबा संपला की मी त्याच दिवशी देऊन टाकते. अ.ला वाटतं बायको टापटिपीची.
बोर्ड आत आणला, पलंगामागे आडवा घातला. आवाज थांबला नाही.

१८ ऑक्टो., शनि.
टँकवाल्यांनी बोर्ड आणू दिला. मी पाण्यात, सई बोर्डवर, माझा हात कडेला धरलेला. ती म्हणाली, "सोड की आई, येतंय मला."
रुपी म्हणाली होती, "सोड की ताई, येतंय मला."
आणि मी सोडली. पायरीवर बसले होते, तिच्या पाठीवरची गाठ हाताशी होती. बैल बांधायला मारायचा तीच गाठ मामाने मारलेली. बैलाने ओढली तरी सुटत नाही, पण आखूड टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. मी आखूड टोक ओढलं. डबा बाजूला गेला. तिने चार हात मारले आणि वळून माझ्याकडे बघून हसली. येत होतं तिला. चार हात येत होतं.
हे आज पहिल्यांदा लिहिलं. कोणाला सांगितलेलं नाही. अ.लाही नाही.

२० ऑक्टो.
फराळ झाला. चकल्या बिघडल्या, मऊ पडल्या.
मामाने त्यानंतर गाठ म्हणून मारली नाही. जनावरं मामी बांधते. पोत्याचं तोंडसुद्धा मामीच. आमचे आप्पा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. आईने सख्ख्या भावाला भाऊबीजेला ओवाळलं नाही. तो दर वर्षी यायचा, तांदूळ ठेवायचा, भिंतीकडेला बसायचा आणि जायचा. आई गेल्या वर्षी गेली. तिच्या उशाशी महिनाभर होते मी. रोज वाटायचं, आज सांगू.
अकराची होते, कबूल. पण नंतर वीसचीही झाले, तिशीही उलटली. तेव्हा कोणी तोंड धरलं होतं? मला लाज वाटते.

२३ ऑक्टो., भाऊबीज
मामा आला. ओवाळायला बहीण नाही, तरी तांदळाची पिशवी घेऊन. सईने चिकूला ओवाळलं, मामा भिंतीकडेला बसून बघत होता.
अ. म्हणाला, "मामा, बोर्ड आन दोरी खाली गाडीपाशी ठेवलीया. उद्या निघायचंय. टपावर बांधून द्या की, तुमचा हात गावाकडचा." त्याला काय माहीत. मामाने हात मांडीखाली घेतले. "न्हाय पावणं. मी बांधत न्हाय कायबी."
अ. मुलांना घेऊन मिठाई आणायला गेला. मामा चहासाठी स्वयंपाकघरात आला. मी गॅसकडे तोंड करूनच बोलले.
"मामा, गाठ सुटली नव्हती. मी सोडली. रुपीनं सांगितलं म्हणून."
चहा उतू गेला. मामाने पुढे होऊन गॅस बंद केला. मग म्हणाला, "साखर घाल जरा." घातली. प्यायला. कप स्वतः विसळला.
"आक्काला ठाव हुतं?"
"आईला? नाही."
"बरं." चपला घालून खाली उतरला.
तासाने खाली गेले तर मामा नव्हता. येतो म्हणूनही सांगितलं नाही. बोर्ड टपावर बांधलेला. हलवून पाहिला तर गाडी हलली, बोर्ड नाही. गाठ एकच, मधोमध.

२५ ऑक्टो., तारकर्ली
काल पोचायला अंधार झाला, बोर्ड टपावरच राहिला. सकाळी किनाऱ्यावर. लाटा लहान, बाई म्हणाल्या असाच दिवस हवा.
गाठ सुटेना. अ. अर्धा तास झटला, किल्लीने, दाताने. "कापू काय?" मी नको म्हणाले. आखूड टोक मला लांबूनही दिसत होतं. हात पुढे होईना.
शेवटी त्याने मामाला फोन लावला. दोन शब्द झाले असतील. माझ्याकडे वळला. "मामा म्हणत्यात, वैशीला सांगा. तिला येतीया सोडाय."
"रागानं म्हणाला?"
"न्हाय गं. नेहमीसारखंच." मग, "तुला कशी काय येती?"
पाणी प्यायचं निमित्त करून गाडीत येऊन बसले आणि वही काढली. अ. दोनदा येऊन तेच विचारून गेला. सईने पायाची दोरी आधीच घोट्याला लावलीय, तिचं मोकळं टोक वाळूत ओढत फिरतेय. आता खिडकीशी आलीय.
"आई, तू सोड की."