शिवेवरचं गाऱ्हाणं

टिळकवाडी, बेळगाव
शनिवार, दुपार

प्रिय सुवर्णा,

तू कालपासून फोन उचलत नाहीस, आणि मोबाइलवर लिहिलं तर ते आधी तुझ्या ओमकारच्या नजरेला पडेल, म्हणून हा कागद. गावाकडून दूध घालायला येणाऱ्या भरमू आण्णांच्या हाती देतेय. त्यांना बजावलंय, तुझ्याच हातात द्या, सोप्यात ठेवून येऊ नका. सोमवारी तुझ्यासमोर आमचा कॅमेरा उभा राहणार आहे आणि तू त्याला हो म्हणून बसलीयस. त्याआधी हे तुला वाचायलाच हवं. घाई करू नकोस, शेवटपर्यंत वाच.

यल्लाप्पा भाऊजी कसे आहेत? डाव्या हातानं पेज पितात, एवढं भरमू आण्णांकडून कळलं. बोलणं अजून नाहीच ना? गावात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. माझ्या लग्नात करंट गेला तेव्हा त्यांनी नुसत्या घशावर अख्खा मांडव सांभाळला होता, आणि वर मलाच चिडवलं होतं, “माईकचं शिक्षण घेतलंस, आन तुझा माईक कुठं गेलाय गं माधवी?” त्या घशातून आता एक अक्षर फुटत नाही, हे आठवलं की जेवण जात नाही मला.

माझी नोकरी नक्की काय, हे तू दर दिवाळीला विचारतेस आणि मी दर दिवाळीला हसण्यावारी नेते. आज सांगते. मेडिकल कॉलेजचं एवढं मोठं हॉस्पिटल, त्याच्या माध्यम विभागाची मी प्रमुख. पेपरवाल्यांना बातम्या देणं, विद्यार्थ्यांसाठी ऑपरेशनचं चित्रण करणं, लोकांना शहाणं करणारी पोस्टरं काढणं, आणि कुठं काही चुकलं की ते चुकलंच नाही असं लिहून देणं. हे शेवटचं काम नेमणूक होताना कुणी सांगितलं नव्हतं. सगळं तीन भाषांत लिहायचं, आधी कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी. कुठल्या भाषेचं अक्षर मोठं पडलं यावरून बाहेर भांडणं होतात. खोटं मात्र तिन्ही भाषांत सारखंच बसतं.

तुला ते पोस्टर आठवतं? ‘अंगावरून वारं गेलं तर वेळ घालवू नका.’ बेळगुंदीच्या पंचायतीच्या भिंतीवर मी ते चिकटवलं तेव्हा खळ तूच करून आणली होतीस. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चार-साडेचार तासांच्या आत मिळालं तर माणूस पुन्हा चालता-बोलता होऊ शकतो, हे तू मला दोनदा विचारून घेतलंस. म्हणून तर त्या दिवशी शेतात न्याहारी घेऊन गेलीस, भाऊजींचं वाकडं झालेलं तोंड पाहिलंस आणि भाकरीचं फडकं बांधावर टाकून धावत सुटलीस. कांदा-चप्पल हुंगवत बसली नाहीस. ओमकारला टेम्पो आणायला लावलास. भरमू आण्णा सकाळीच भाऊजींशी बांधावर उभं राहून बोलले होते, तेव्हा ते धडधाकट होते. म्हणजे हातात थोडा का होईना, वेळ होता.

आणि शिवेवर तू गाडी थांबवलीस. आजारी माणसाला गावाबाहेर नेताना देवीला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडं कोण पुढं गेलंय? माझं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं तेव्हा माझ्या आईनंही जीपमधून उतरून गाऱ्हाणं घातलं होतं. तू उतरलीस, नारळ ओवाळलास, अंगारा घेतलास. आमच्याकडं पोहोचलात, आणि डॉक्टर म्हणाले, वेळ निघून गेली, इंजेक्शन देता येत नाही. त्या दिवशी आमच्याकडं लकव्याच्या नव्या वॉर्डचं उद्घाटन होतं. मी सभागृहात माईकशी झुंजत होते. तुम्ही आलाय हे मला दुपारी कळलं.

तू भोळी. विचारलं तेवढं सांगितलंस, न विचारलेलंही सांगितलंस. देवळाचं नाव निघालं आणि आमचे संचालक डॉ. नागेंद्र यांच्या हाती आयतंच घबाड लागलं. गेटवर रुग्ण ताटकळला म्हणे, असं एक बातमीदार विचारत होता. त्याला द्यायच्या निवेदनात त्यांना एक वाक्य हवंय, ‘नातेवाइकांनी मंदिरात वेळ घालवल्याने रुग्ण मुदतीनंतर पोहोचला.’ इतकी वर्षं हेच करतेय, त्यामुळं मला माहीत आहे, उद्या छापून येईल ते हेच एक वाक्य. बाकीचं कुणी वाचणार नाही. आज सकाळपासून ते तीनदा येऊन गेले. निवेदनाखाली माझी सही लागते आणि ती मी केलेली नाही.

त्याहून वाईट ते चित्रण. तू शिवेवर, देवळासमोर उभी राहणार, हात जोडणार आणि म्हणणार, मी इथं थांबले, तुम्ही थांबू नका. जनजागृती म्हणे! मी चिडून तुला फोन केला तर तू उलट मलाच समजावलंस, “माझ्यापायीच झालं गं समदं. देवीम्होरं गाडी मीच थांबवाय लावली. लोकास्नी सांगितलं तर तेवढंच पाप फिटंल.” ओमकार तुझ्या हातचं जेवत नाही, हे तू सांगितलं नाहीस, भरमू आण्णांनी सांगितलं. पोरगा तुझ्याबरोबरच गेटवर होता. पण वेळ त्याआधीच संपली होती, गेटवर थांबण्यानं काही फरक पडला नाही, असं त्याला पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलंय. मग त्यानं तरी आणखी कुणावर राग काढायचा?

आता नीट ऐक. उद्घाटनाचं चित्रण आमच्या रचनानं केलं होतं. शहापूरच्या विणकराची पोर, नजर तिखट, एक धागा चुकला तरी तिला दिसतो. काल फीत कापण्याचा भाग निवडताना तिनं मला हाक मारली. पाहुणे पायऱ्या चढताहेत, फुलं पडताहेत आणि त्यांच्यामागं, बंद गेटाच्या बाहेर तुमचा टेम्पो. पाहुण्यांच्या गाड्या निघूस्तर गेट उघडायचं नाही असा हुकूम होता. तुम्हाला मागच्या गेटला पाठवलं, तिथं कुलूप, किल्लीवाला टाळ्या वाजवायला सभागृहात. तुम्ही परत आलात. भाषणं चालूच होती. नव्या वॉर्डचं कौतुक चाललं होतं, सुवर्णा, आणि त्या वॉर्डचा पहिला रुग्ण उन्हात पडून होता. डॉ. नागेंद्रांना दाखवलं. ते म्हणाले, एवढा तुकडा पुसून टाका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मी तो तुकडा पुसला नाही. चित्रण माझ्या नावानं कॉलेजच्या चौकशी समितीकडं दिलंय, मघाशीच. सोमवारी माझी खुर्ची असेल की नसेल, ठाऊक नाही. कॅमेरा मात्र दुसरा कुणीतरी घेऊन येईलच. तू घराबाहेर पडू नकोस. हात जोडू नकोस. हेच सांगायला लिहिलं. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, तो ओमकारला शेजारी बसवून लाव. कोपऱ्यात वेळ उमटलेली आहे, तुम्ही पहिल्यांदा गेटवर आलात तेव्हाची. त्या सकाळी ते भाऊजींशी किती वाजता बोलले, हे भरमू आण्णांना विचारून त्यालाच हिशेब करू दे. इंजेक्शनला अजून वेळ होता, सुवर्णा. गाऱ्हाणं घालून झालं होतं तरी वेळ होता. आणि तुझ्याकडंही बघ म्हणावं त्याला. गेटाचे गज बडवतेयस आणि तुझ्या हातात तोच नारळ आहे, अख्खा. देवीपुढं तो फोडायलासुद्धा तू थांबली नव्हतीस. भाऊजींची खाट जवळ ओढ. त्यांची जीभ गेली, कान शाबूत आहेत. आवाज मोठा ठेव.

तुझ्याच बाजूनं उभी,
तुझीच
माधवी