रुळावरची गाय

मु. कॅरिकडून, डोनेगॉल
१४ मार्च १९९४

ती. ऊनाताईस,
धाकट्या कॉनलचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. नूलाचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त ती माझ्यावर कुरकुरते, कारण घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. आपली छोटी रेल्वे बंद पडून पस्तीस वर्षं झाली, आणि आता कुठे गावाला तिचा पुळका आलाय. जुन्या स्टेशनात तिचं संग्रहालय करायचं ठरलं, आणि सामान जमवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. तिसऱ्या वर्गाचं एक बाकडं फादरांच्या बागेत सापडलं. स्टेशनच्या नावाची मोठी पाटी इतकी वर्षं बॉइलांच्या खुराड्याचं छप्पर झाली होती. ती काढली तेव्हापासून त्यांच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय आणि बॉइल माझ्याशी बोलत नाहीत.

आता मुद्द्याचं. बाबांच्या चार नंबर इंजिनाची पितळी शिटी तुझ्याकडे आहे. लाइन बंद झाली तेव्हा त्यांना ती आठवण म्हणून मिळाली, आणि जाण्याआधी त्यांनी ती तुला ग्लासगोला पाठवली, मला दिली नाही. याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आज सांगून टाकतो. अकरा जूनला उद्‌घाटन आहे. तू स्वतः शिटी घेऊन यावंस असं मनापासून वाटतं. आई गेली तेव्हा आलीस, त्यानंतर एकोणीस वर्षांत तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. मला आता त्रेसष्ट पूर्ण होतील. तुझं वय मी लिहीत नाही, पत्र फाडशील.

माझ्यावर लोभ आहे हे ठाऊक आहे. त्याच्या जोरावर बोटीत बस, एवढंच मागणं.
तुझा कॉनल

ग्लासगो
२३ मार्च १९९४

चि. कॉनल यास,
अनेक आशीर्वाद. नूलाला म्हणावं, मीठ गरम करून फडक्यात बांध आणि गुडघा शेक. नवरा शेकून निघत नाही, तो तसाच वापरावा लागतो.

शिटी आहे. माझ्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तेहेतीस वर्षं ती तिथे बसून आहे, आणि काम चोख करते. पार्सलानं पाठवते. मी मात्र येणार नाही.

रागावू नकोस. तू तेव्हा पाळण्यात होतास. मी आठ वर्षांची असताना मला क्षयाच्या इस्पितळात ठेवलं, ते चौदा महिने. लाइन इस्पितळाच्या भिंतीला लागूनच होती. बाबांची गाडी दिवसातून दोनदा त्या भिंतीमागून जायची, आणि त्या चौदा महिन्यांत बाबा एकदाही आत आले नाहीत. दोन ओळींची चिठ्ठी नाही. मी घरी परतले तेव्हा म्हणाले काय, तर उंच झालीस. पंधराव्या वर्षी मी इथे मावशीकडे निघून आले, ती का, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग मरताना त्यांनी हा पितळेचा गोळा पाठवला, सोबत एक अक्षर नाही. त्यांच्या कौतुकाच्या समारंभात पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही रे.

तुझ्यावर राग नाही. तू माझा लाडका होतास आणि आहेस, हे मात्र पक्कं समज.
ऊना

कॅरिकडून
९ एप्रिल १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पार्सल अजून टाकलं नसशील तर थांब. आधी हे वाच.

आपल्या लाइनीचे जे साहेब होते, त्यांच्या नातीनं परवा त्यांची पत्र्याची पेटी संग्रहालयाला दिली. आत कागदांचा एक जुडगा होता, वर बाबांचं नाव. मी स्टेशनातच बाकड्यावर बसून वाचला. पहिला कागद इस्पितळाच्या मेट्रनबाईंचा, सप्टेंबर १९३१ चा. चार नंबरचा चालक रोज आमच्या भिंतीमागे शिटी वाजवतो, रोगी दचकतात, तिथे फाटक नाही की स्टेशन नाही, तरी त्याला समज द्यावी. साहेबांनी बाबांना खुलासा विचारला. बाबांचं उत्तर, रुळावर गाय होती. महिन्यानं पुन्हा तक्रार, पुन्हा गाय. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलंय की ही गाय रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आणि दुपारी पावणेपाचलाच रुळावर कशी येते, आणि एकच आहे की कळप आहे. इथपर्यंत मी एकटाच हसत होतो.

चौथा खुलासा स्टेशनमास्तर हेगार्टींच्या अक्षरात आहे, खाली बाबांची वाकडी सही. ताई, बाबांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ते त्यांनी आपल्यापासून जन्मभर लपवलं. आई रोज पेपर मोठ्यानं का वाचायची, ते मला परवा कळलं. तो खुलासा जसाच्या तसा उतरवतो:

“साहेब, गाय नाही. आत माझी पोरगी आहे. घरी तान्हं मूल आहे, म्हणून डॉक्टर मला तिच्यापाशी जाऊ देत नाहीत. आपला बाप इथून रोज जातो, एवढं तिला कळावं म्हणून वाजवतो. दुसरं काही मला करता येत नाही.”

त्यावर साहेबांनी लाल पेन्सिलीनं शेरा मारलाय: रुळावर गाय असल्यास चालकाने शिटी वाजवलीच पाहिजे. तक्रार निकाली.

ते तान्हं मूल म्हणजे मी. तुझे चौदा महिने माझ्यापायी तसे गेले, आणि मी गेल्या महिन्यात शिटी मला मिळाली नाही म्हणून कुरकुरत होतो. मला वाटतं, बाबांची जन्मभर अशीच समजूत होती की तुला सगळं माहीत आहे. म्हणूनच शिटीसोबत त्यांना काही सांगावंसं वाटलं नसेल.

ये म्हणून आग्रह करत नाही. माया कमी होऊ देऊ नकोस.
कॉनल

ग्लासगो
१७ एप्रिल १९९४

चि. कॉनल यास,
आशीर्वाद. पाळण्यातल्या पोराचा काय दोष? पुन्हा तसं लिहिलंस तर येऊन कान पिळेन.

ती शिटी मी रोज ऐकली आहे. आम्ही बावीस मुली होतो, आणि शिटी झाली की खाटाखाटांवर भांडण जुंपायचं की ती कुणासाठी वाजली. एक म्हणायची माझे काका आलेत म्हणून सांगतेय, दुसरी म्हणायची माझा भाऊ गाडीत आहे. शेजारच्या खाटेवरची रोझी बॉनर तर शपथेवर सांगायची की ती तिचीच. फेब्रुवारीत रोझी गेली. त्या दिवशीही शिटी झाली, आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, ऐकलंस ना, अशी.

मी एकटी कधी भांडले नाही. गाडी माझे बाबा चालवतात हेही कुणाला सांगितलं नाही, कारण मग मुलींनी विचारलं असतं की ते आत का येत नाहीत. तिथे रेल्वेचं फाटक असेल म्हणून शिटी वाजते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. भिंतीपलीकडे फाटक नाही हे मला तुझ्या पत्रातून कळलं. फार रडले. इतकी वर्षं बाबांवर रागावले ती चुकले, आणि आता ते सांगायला बाबा नाहीत.

शिटी पार्सलानं येणार नाही, मी घेऊन येते. नऊ जूनची बोट आहे, धक्क्यावर ये, ती जड आहे आणि मी एकाहत्तर वर्षांची आहे.

काल खालच्या मजल्यावरच्या मिसेस लाफर्टींना चहाला बोलावलं. त्या नेहमीसारख्या दाराशी शिटीला अडखळल्या. मी त्यांना म्हटलं की ही माझ्या बाबांची, ते रोज माझ्यासाठी वाजवायचे, माझ्या एकटीसाठी. त्या म्हणाल्या, असं होय, आणि बिस्किट घेतलं. बावीस जणींत मला हे एकदा तरी ओरडून सांगायचं होतं रे.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.
तुझी ताई, ऊना