म्हसळ्याच्या भिंतीवरचं सुलट चित्र

प्रिय दादा,

आज कॉलेजात प्रवेशाची शेवटची यादी लागली. तुझा फिजिक्सचा पदवीचा वर्ग बंद होत नाही. हे तुला कुणी कळवायचं, असं मनात आलं आणि प्रयोगशाळेतच कागद पुढे ओढला. की तुला आधीच ठाऊक आहे?

प्रिन्सिपॉल तुला म्हणाले होते, "वर्गात दोन मुलं. गावाकडची पोरं मॅट्रिक झाली की मुंबईला कारकुनी धरतात. फिजिक्स हवंय कुणाला?" तू म्हणालास, "त्यांना ते कुणी दाखवलंच नाही." मग काळ्या घोंगड्या ट्रंकेत भरून तू गावोगावच्या शाळा पालथ्या घालू लागलास.

तळा गावच्या शाळेत मी बरोबर होते. भर दुपारी तू खिडक्या घोंगड्यांनी बंद केल्यास. एका घोंगडीला वाटाण्याएवढं भोक. समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटला, पण उलटा. झाड शेंडा खाली करून हलत होतं, बैलगाडी छताला चिकटून चालली होती. एका मुलीनं भिऊन माझा हात धरला. तू एवढंच विचारलंस, "असं का? उत्तर हवं असेल तर कॉलेजात या."

म्हसळ्याला मात्र मी आले नाही. "चल, मुली तुझं ऐकतात," म्हणाला होतास. मी पेपर तपासत बसले. हे मला अजून सलतं.

आणि रागही येतो. आगरदांड्याच्या धक्क्यावर होडीवाला तांडेल सांगत होता, वारं पडलं की होडी सोडू. तू का थांबला नाहीस, दादा? सोमवारी सकाळी म्हसळ्याला जातानाच होडी उलटली. बाकीचे काठाला लागले. तू संध्याकाळी सापडलास. मंगळवारी तुला आपल्या अंगणातून नेलं. ट्रंक मिळालीच नाही.

जूनमध्ये मी प्रवेशाच्या टेबलाशी बसले होते. म्हसळ्याहून पाच मुलं आली, त्यात दोन मुली. सगळ्यांना फिजिक्सच हवं होतं.

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

"सरांनी," एक मुलगी म्हणाली. "शाळेत आलते ना, घोंगड्या घेऊन. बुधवारी."

मी हातातला अर्ज बाजूला ठेवला. विचारलं, "भिंतीवर शाळेसमोरचा बाजार उलटा दिसला असेल ना?"

"न्हाय बाई. सुलटाच व्हता. मानसं सरळ चालत व्हती."

"सर काय म्हणाले?"

"म्हनले, असं का, ते मलाबी आत्ताच कळलंय. तुमी शिकून काढा."

नुसत्या भोकातून चित्र सुलट पडत नाही, हे तूच मला शिकवलंस. मग तू त्या पोरांना काय दाखवलंस? कुठून पाहत होतास तो बाजार?

मी म्हसळ्याला जाऊन आले. हेडमास्तरांनी भेटवही पुढे केली. त्याच आठवड्यातल्या बुधवारच्या तारखेखाली तुझी सही आहे. "फार घाईत होते," ते म्हणाले. "चहासुद्धा घेतला नाही." मी वही मिटली आणि एस.टी.त येऊन बसले.

मुलं हुशार आहेत, दादा. ती मुलगी तर प्रश्नांनी भंडावून सोडते. त्यांना वाटतं, तू त्यांच्या शाळेतून परतताना बुडालास. बुडालास तो वार कुणी विचारत नाही. त्यांच्या हातात पदवी पडेपर्यंत मीही तो सांगणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
शालू